वहीत जपलेली पाने : थकलेल्या हातांसाठी एक शांत काम

घुग्घुसच्या जमिनीखाली पानांची एक फार जुनी वही आहे. वर्धा नदीच्या खोऱ्यात सुमारे 25 ते 30 कोटी वर्षांपूर्वी दलदलीची अरण्ये होती. त्यांची पाने, खोडे, मुळे पाण्यात पडत गेली, त्यांच्यावर गाळाचे थर चढत गेले आणि त्या ओझ्याखाली कोट्यवधी वर्षांत त्यांचा कोळसा झाला. कोळशाच्या थरांलगतच्या करड्या खडकावर कधीकधी पानाचा ठसा जसाच्या तसा उमटलेला सापडतो. जिभेच्या आकाराचे पान, मधोमध ठळक शीर आणि तिच्या दोन्ही बाजूंना बारीक शिरांची जाळी. या नष्ट झालेल्या झाडाला शास्त्रज्ञ ग्लोसॉप्टेरिस म्हणतात. ज्या खडकांत ते सापडते, त्यांना गोंडांच्या या भूमीवरून गोंडवन हे नाव मिळाले आणि आज जगभरातील भूशास्त्राच्या पुस्तकांत ते रूढ आहे. खाणीत उमेद घालविलेल्या आपल्यापैकी काहींनी असा ठसा प्रत्यक्ष पाहिलाही असेल.

भूमीने जे ओझे आणि काळ यांच्या बळावर केले, त्याची लहानशी आवृत्ती आपण लहानपणी केलेली आहे. पुस्तकात ठेवलेले पिंपळाचे पान, दसऱ्याला मिळालेली आपट्याची जोडपाने, वहीत सपाट झालेले गोकर्णाचे फूल. शाळा सुटली, संसार सुरू झाला आणि ती पाने कुठे गेली हे कोणाच्या ध्यानातही राहिले नाही. निवृत्तीनंतर, आजारपणानंतर किंवा जोडीदार गेल्यानंतर घरातील ज्येष्ठांचे दिवस लांब होतात. अशा वेळी हा जुना छंद पुन्हा हाती घेण्याजोगा आहे. त्याला खर्च जवळजवळ नाही, घाई नाही आणि घराच्या ओसरीवर बसून तो करता येतो. शिवाय त्यात ज्येष्ठांकडे असे काही असते जे घरातील इतर कोणाकडे नसते. ते म्हणजे झाडांची ओळख. हा लेख पाने दाबण्याची रीत सांगेलच. परंतु त्याचा सारा भर त्या ओळखीवर आहे.

हातांना काम का हवे

वृद्ध माणसाची काळजी घेताना आपण नकळत त्याच्या हातांतील कामे काढून घेत जातो. भाजी निवडू नका, थकाल. पाणी भरू नका, पडाल. यामागे माया असते, पण हळूहळू त्या माणसाच्या वाट्याला नुसते बसून राहणे उरते. आपल्याच जिल्ह्याने याचे उलट उदाहरण घालून दिले आहे. बाबा आमटे यांनी 1949 साली महारोगी सेवा समितीची स्थापना केली आणि वरोऱ्याजवळ आनंदवन उभे राहिले. रोगाने बोटे अधू झालेल्या माणसांनी तेथे शेती केली, माग चालविले, हातांनी भेटकार्डे तयार केली. ज्या हातांकडे समाजाने पाठ फिरविली होती, त्या हातांना काम मिळाले आणि कामाबरोबर मानही मिळाला.

पान उचलणे, कागदावर नीट पसरणे, देठ सरळ करणे, डिंकाचा ठिपका लावणे या प्रत्येक कृतीत अंगठा आणि तर्जनी यांची चिमटीची पकड वापरली जाते. बटण लावणे, गोळी उचलणे, साडीची निरी धरणे यांसाठी हीच पकड लागते. पक्षाघातानंतर हाताला पुन्हा सवय लावताना व्यवसायोपचारतज्ज्ञ अशाच छोट्या, हेतू असलेल्या कामांचा उपयोग करतात. मात्र एक गोष्ट आरंभीच स्पष्ट असावी. पाने दाबणे हा कोणत्याही आजारावरील इलाज नव्हे. औषधे, तपासण्या आणि व्यायाम आपापल्या जागी चालूच राहिले पाहिजेत. हे काम दिवसाला आकार देते, बोलायला निमित्त देते आणि काही दिवसांनी हाती दिसण्याजोगे फळ देते. एवढेही पुरेसे आहे.

"आता या वयात नवे काय शिकायचे?" असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी इंग्लंडमधील मेरी डिलेनी यांची हकीकत सांगण्यासारखी आहे. त्यांचा जन्म 1700 सालचा. दुसऱ्या पतीच्या निधनानंतर, वयाच्या 72व्या वर्षी, त्यांनी रंगीत कागदाचे बारीक तुकडे कापून फुलांची हुबेहूब चित्रे करायला आरंभ केला. क्वचित त्यांत त्या खरे वाळलेले पानही चिकटवीत. पुढील दहा वर्षांत त्यांनी 900हून अधिक चित्रे पूर्ण केली आणि 82व्या वर्षी दृष्टीने साथ सोडली तेव्हाच त्या थांबल्या. ती चित्रे आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. प्रत्येक चित्रावर झाडाचे नाव आहे आणि बहुतेकांच्या मागे तारीख व स्थळही लिहिलेले आहे. हा तपशील आपल्याला पुढे उपयोगी पडणार आहे.

काय वेचावे, केव्हा वेचावे

दाबण्यासाठी पातळ, सपाट आणि कमी रसाळ पाने-फुले उत्तम. मोहाचे फूल कितीही जिव्हाळ्याचे असले तरी ते मांसल आणि गोड रसाने भरलेले असते. ते दाबले की चिकट होते आणि त्याला बुरशी येते. जास्वंदीची पाकळी कागदाला चिकटून बसते. झेंडू आणि शेवंती अख्खी दाबू नयेत, पाकळ्या सुट्या करून दाबाव्यात. पळसाचे फूलही जाड असते. त्याच्या पाकळ्या अलग केल्या की त्या चांगल्या वाळतात, मात्र केशरी रंग थोडा गडद होतो. सागाचे मोठे पान वहीत मावत नाही. पण त्याचे कोवळे पान बोटांत चुरडले की बोटे लाल होतात, हे आपल्या नातवंडांना ठाऊक आहे का, तेवढे जरूर विचारा.

आपल्याकडे ऋतूंप्रमाणे निवड करता येते. श्रावण-भाद्रपदात गोकर्ण, तेरडा, दूर्वा आणि गवताचे तुरे मिळतात. गोकर्णाचा निळा रंग वाळल्यावरही पुष्कळसा टिकतो. दसऱ्याच्या सुमारास आपट्याची पाने. बाजारात आपटा म्हणून बहुधा कांचनाच्या फांद्या विकल्या जातात, तेव्हा दोन्हींची पाने शेजारी शेजारी ठेवून फरक पाहावा. आपट्याचे पान आकाराने लहान आणि अधिक जाड असते. मार्गशीर्षापासून माघापर्यंतचे कोरडे, थंड दिवस या कामाला सर्वांत अनुकूल. फाल्गुनात पळस फुलतो आणि पानगळीमुळे वेचायला पाने आपोआप मिळतात. चैत्र-वैशाखात बहाव्याचे पिवळे घोस येतात. त्यांची पाकळी नाजूक असते आणि पिवळा रंग चांगला राहतो. त्याच सुमारास तामण फुलते. तिला जारूळ असेही म्हणतात आणि ती आपले राज्यफूल आहे.

जे अंथरुणाला खिळलेले आहेत किंवा ज्यांना घराबाहेर पडता येत नाही, त्यांच्यासाठी स्वयंपाकघर हीच बाग. कोथिंबिरीचे पान, गाजराचा पाला, कढीलिंबाची डहाळी, शेवग्याची आणि चिंचेची बारीक पाने हे सारे अतिशय सुबक दाबले जाते. देवाला वाहिलेल्या फुलांपैकी गुलाबाच्या पाकळ्याही निर्माल्यात टाकण्यापूर्वी बाजूला काढून ठेवता येतात.

वेचण्याची वेळ दव उडून गेल्यानंतरची असावी. हिवाळ्यात सकाळी नऊनंतर, उन्हाळ्यात मात्र आठच्या आत. आपल्या जिल्ह्यात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जाणे नवे नाही, आणि वृद्धांना तहान लागल्याचे उशिरा जाणवते. तेव्हा उन्हाळ्यात पाने आणण्याचे काम घरातील तरुणांकडे द्यावे आणि दाबण्याचे आपण ठेवावे.

झाडाकडून घेताना मर्यादा पाळावी. गळलेले पान पहिल्या पसंतीचे. तोडायचे झाल्यास एका झाडाची दोन-तीन पाने पुरेत. ताडोबा आणि इतर संरक्षित जंगलांतून पान-फूल काहीही आणू नये. वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला मनाई आहे. गावाबाहेरच्या झुडपांत वन्य प्राण्यांचा वावर असतो, म्हणून एकट्यानेही तिकडे जाऊ नये. अंगण, वसाहतीतला रस्ता, शाळेचे आवार आणि देवळाचा पार एवढ्यांत वर्षभराचे काम निघते.

आधी धूळ, मग वजन

घुग्घुसमध्ये या कामाला एक जादा पायरी लागते. येथील पानांवर कोळशाची आणि सिमेंटची धूळ बसलेली असते. ती तशीच राहिली तर दाबलेल्या पानावर काळपट डाग उमटतात आणि हाताळताना ती श्वासात जाते. ज्यांनी खाणीत किंवा कारखान्यात वर्षे काढली आहेत, ज्यांना दमा किंवा जुना खोकला आहे, त्यांनी धूळ कोरड्या फडक्याने झटकू नये. पान पाण्याच्या पसरट भांड्यात दोनदा बुडवावे, ओल्या मऊ कापडाने दोन्ही बाजूंनी टिपावे आणि सावलीत पाणी पूर्ण सुकू द्यावे. पावसाची पहिली मोठी सर येऊन गेल्यावर दोन दिवसांनी पाने वेचली तर हे काम हलके होते.

त्यानंतरची रीत अशी :

1. जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा घ्यावा. गुळगुळीत, चकचकीत कागद ओल शोषत नाही, म्हणून तो टाळावा. नाजूक फुलांसाठी वर्तमानपत्राच्या आत साधा पांढरा कागद ठेवावा, म्हणजे छपाईची शाई फुलाला लागत नाही.

2. पाने एकमेकांवर येऊ न देता पसरावीत. एखादे पान मुद्दाम उलटे ठेवावे, म्हणजे पाठच्या शिराही दिसतात. जाड देठ किंवा फुलाचा देठाकडचा फुगीर भाग असेल तर तो धारदार पात्याने अर्धा करून घ्यावा. हे काम घरातील धडधाकट माणसाने करावे.

3. वर आणखी पाच-सहा कागद ठेवावेत, दोन्ही बाजूंना पुठ्ठा किंवा प्लायवूडचा तुकडा ठेवावा आणि वर वजन द्यावे. अडगळीत पडलेला पाटा, फरशीचा तुकडा किंवा जाड पुस्तकांची चळत यांसाठी उत्तम. वजन उचलण्याचे काम ज्येष्ठांनी करू नये. ज्यांना वजन नकोच असेल त्यांनी प्लायवूडचे दोन तुकडे जाड नाड्याने किंवा पट्ट्याने आवळून बांधावेत.

4. कागद बदलणे हे या कामाचे मर्म आहे. पहिल्या दिवशी संध्याकाळी, नंतर एक दिवसाआड ओलसर झालेले कागद काढून कोरडे घालावेत. कागद बदलले नाहीत तर पान तपकिरी पडते किंवा त्यावर बुरशी येते.

5. पातळ पानांना आठ-दहा दिवस, जाड पानांना आणि फुलांना दोन ते तीन आठवडे लागतात. पावसाळ्यात याहून अधिक. पान वाळले की नाही हे कळण्यासाठी ते हलकेच गालाला लावून पाहावे. गार लागले तर आत अजून ओल आहे.

घाई असेल तर पातळ पान दोन कोऱ्या कागदांच्या मध्ये ठेवून वरून कोमट इस्त्री फिरविण्याची युक्ती आहे. ती फुलांना मानवत नाही आणि विसराळू माणसाच्या हाती इस्त्री देणे धोक्याचे आहे.

पिंपळाच्या पानाची जाळी करण्याची रीतही पुष्कळांना आठवत असेल. जून झालेले, न फाटलेले पान पाण्यात तीन-चार आठवडे भिजत ठेवावे, पाणी अधूनमधून बदलावे. हिरवा गर कुजून मऊ झाला की ताटलीत पान पसरून मऊ दातघाशीने तो अलगद काढावा आणि स्वच्छ पाण्यात पान धुऊन दाबावे. उरते ती शिरांची जाळी. पाण्याला वास येतो, म्हणून भांडे उघड्यावर, झाकण ठेवून आणि मुलांपासून दूर ठेवावे. झाकण नसेल तर त्यात डास वाढतील.

विस्मरण होत असेल तर

घरात कोणाला स्मृतिभ्रंश जडला असेल, तर काळजी घेणाऱ्याची पहिली अडचण ही असते की बोलायचे काय. आज कोणता वार, सकाळी काय जेवलात, हा कोण आला आहे, असे प्रश्न नकळत परीक्षा घेतात आणि माणूस खजील होतो. अलीकडचे विसरले जाते, पण बालपणीचे बरेच दिवस शाबूत राहते. वास, स्पर्श आणि रंग यांतून ते जुने वर येण्याची शक्यता असते. जुन्या आठवणींना वाट करून देण्याच्या या रीतीचा उपयोग जगभर स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या शुश्रूषेत केला जातो.

म्हणून पान हाती देताना "आबाजी, ओळखा पाहू हे कशाचे?" असे विचारू नये. "आबाजी, हे पळसाचं पान. तुमच्या गावी याच्या पत्रावळी लावत होते ना?" असे म्हणावे. उत्तर आले तर उत्तम. न आले तरी पान हाती राहते आणि अपमान होत नाही. पळसाची तीन पाने, निंबाची कातरलेली कड, बेलाचे त्रिदळ, आपट्याची जोडी यांना आकारानेच ओळख असते. पूर्वी उन्हाळ्यात तेंदूपाने खुडण्यासाठी जंगलात गेलेल्या आजींच्या हातांना पाने जुळवून गड्डी बांधण्याची सवय अजून असेल. शब्द गेले तरी हातांना वळण आठवते, असे अनेक घरांतून दिसते.

काम लहान तुकड्यांत द्यावे. एका वेळी एकच पायरी, एकच पान, टेबलावर दुसरी कोणतीही वस्तू नाही. पंधरा-वीस मिनिटे झाली की थांबावे, मन रमले असले तरी. ठरावीक वेळ असावी. दुपारच्या चहापूर्वीची वेळ बरी, कारण स्मृतिभ्रंश झालेल्यांपैकी अनेकांची अस्वस्थता संध्याकाळकडे वाढते. पान वाकडे चिकटले तर ते नंतर गुपचूप सरळ करू नये. ते काम त्यांचे आहे, तसेच राहू द्यावे.

शुश्रूषा करणाऱ्यांनाही यातून काही मिळते. दिवसभर औषध, आंघोळ, जेवण यांच्या घाईत आपण त्या माणसाकडे समोरून पाहतो. पाने लावताना दोघेही एकाच पानाकडे पाहत शेजारी बसतात. ती वीस मिनिटे आपणही कोणाच्या तरी लेकी, सून किंवा नातू असतो. केवळ शुश्रूषा करणारे नसतो.

एवढे जपावे

कोणती झाडे टाळावीत, हे आधी ठरवून घ्यावे. कण्हेर, धोत्रा आणि रुई ही विषारी आहेत. रुईचा चीक डोळ्यांत गेल्यास इजा होते. बिब्ब्याच्या झाडाजवळ जाऊ नये, त्याच्या तेलाने अंगावर फोड येतात. खाजकुइलीच्या शेंगांची लव कातडीला असह्य खाज आणते. गाजरगवताची पांढरी फुले चित्रात सुंदर दिसतात, पण त्याने त्वचेवर पुरळ येते आणि दमा बळावतो. ते घरात आणूच नये. विस्मरणामुळे वस्तू तोंडात घालण्याची सवय लागली असेल तर कोथिंबीर, कढीलिंब, गुलाब अशी खाण्यातीलच पाने-फुले द्यावीत आणि डिंकाऐवजी घरी शिजविलेली मैद्याची खळ वापरावी.

वाकून जमिनीवरचे वेचणे हे तोल जाण्याचे मोठे कारण ठरते. चक्कर येणे, गुडघेदुखी किंवा रक्तदाबाची औषधे चालू असतील तर वेचण्याचे काम दुसऱ्याने करावे. मधुमेह असलेल्यांच्या पायांना काटा बोचल्याचे कळत नाही. अंगणातही बंद चप्पल किंवा बूट घालावेत आणि घरी आल्यावर पाय पाहावेत. पावसाळ्यात पालापाचोळ्याच्या ढिगात हात घालू नये, त्यात साप-विंचू असू शकतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर बोथट टोकाचीच कात्री वापरावी. बुरशी आलेले पान दमा असलेल्यांच्या हाती देऊ नये. कागदासकट टाकून द्यावे आणि हात धुवावेत. डाव्या बाजूने येणारा भरपूर उजेड, गडद रंगाच्या टेबलावर पांढरा कागद आणि हाताशी भिंग एवढी सोय असली की डोळ्यांवर ताण येत नाही. डावखुऱ्यांनी उजेड उजवीकडून घ्यावा.

वाळलेल्या पानांचे काय करावे

घरात येऊन पडलेल्या लग्नपत्रिकांचा जाड, कोरा भाग कापून घ्यावा. त्यावर पान ठेवून मागील बाजूस डिंकाचे चार-पाच लहान ठिपके लावून चिकटवावे. पूर्ण पानाला डिंक फासला तर ते सुरकुतते. अशी भेटकार्डे दिवाळीला, राखीला, हळदीकुंकवाच्या वाणाबरोबर देता येतात. अरुंद पट्टीवर एकच पान लावले की पुस्तकातील खूण होते. जपानमध्ये दाबलेल्या फुलांची निसर्गचित्रे करण्याची कला ओशिबाना या नावाने प्रसिद्ध आहे. त्या धर्तीवर कढीलिंबाच्या पानांचे झाड, गवताच्या तुऱ्यांचे शेत आणि बहाव्याच्या पाकळ्यांचे ऊन असे चित्र नातवंडांबरोबर मांडता येते.

चौकटीत बसवायचे असेल तर ते थेट ऊन येणाऱ्या भिंतीवर लावू नये. उन्हात हिरवा पिवळा होतो, तांबडा काळसर होतो. पांढरी फुले तर सावलीतही कालांतराने हस्तिदंती होतात; तो त्यांचा धर्मच आहे. दुकानातून प्लास्टिकचे आवरण चढवून घ्यायचे असेल तर पान पूर्ण वाळल्याची खात्री करावी, नाहीतर आत अडकलेली ओल ते काळे करते. न वापरलेली पाने कोरड्या डब्यात, कापराची वडी कापडात बांधून ठेवावीत, म्हणजे किडे लागत नाहीत. कापूर मुलांच्या व विसराळू माणसांच्या हाती लागू देऊ नये. तो पोटात गेल्यास घातक आहे.

पानाखालच्या दोन ओळी

एवढे सारे करूनही एक काम उरते आणि बहुतेक जण तेच विसरतात. पानाखाली लिहिणे.

सोळाव्या शतकात इटलीतील लुका घिनी या अध्यापकाने वनस्पती दाबून कागदावर चिकटविण्याची पद्धत रूढ केली. अशा संग्रहाला त्या काळी कोरडी बाग म्हणत. मुंबईच्या सेंट झेव्हियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियम ही अशीच एक कोरडी बाग. तिची सुरुवात 1906 सालची. तेथील प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात एक चिठ्ठी असते. झाडाचे नाव, कुठे मिळाले, केव्हा मिळाले, कोणी गोळा केले. चिठ्ठी नसेल तर तेच वाळलेले पान अभ्यासकाला जवळजवळ निरुपयोगी ठरते. पान काय आहे हे कदाचित नंतर कोणी ओळखेल, पण कुठले आणि कधीचे हे पुन्हा कोणालाच सांगता येणार नाही.

घरच्या संग्रहालाही हाच नियम लागू आहे. चार गोष्टी लिहाव्यात : झाडाचे नाव, जागा, तारीख आणि वेचणाऱ्याचे नाव. त्याखाली ज्येष्ठांनी सांगितलेले एक वाक्य, त्यांच्याच शब्दांत. घुग्घुससारख्या गावात नावाच्या जागी एकाहून अधिक नावे येतील. आपल्या आळीत कोणी निंब म्हणते, शेजारी नीम म्हणतात, तेलुगू बोलणारे वेप म्हणतात. पळसाला कोणी टेसू म्हणते, कोणी मोदुगु. ही सारी नावे लिहावीत. जंगलाजवळच्या खेड्यातून आलेल्या आजींना गोंडी नाव ठाऊक असेल तर ते सर्वांत आधी लिहावे, कारण ते पुस्तकात सहजी सापडणार नाही.

येथील अनेक कुटुंबांना नोकरीमुळे मिळालेल्या घरांत राहण्याची सवय आहे. निवृत्तीबरोबर ते घर सोडावे लागते. दारात लावलेला निंब, मागच्या अंगणातला शेवगा, सायंकाळी ज्याच्या खाली खाट टाकली तो आंबा हे सारे मागे राहते. नव्या घरात सामान येते, झाड येत नाही. रस्ता रुंद होताना किंवा खाण पुढे सरकताना झाडे जातात, तेव्हा त्यांच्या सावलीत घडलेले आयुष्यही बोलण्यातून हळूहळू जाते. त्या झाडाचे एक पान आणि त्याखालच्या दोन ओळी बरोबर नेता येतात. "हा आंबा ज्या साली मोठीचा जन्म झाला त्या साली लावला" एवढे वाक्य पुरे. उद्या सांगणारा माणूस नसेल, किंवा असूनही त्याला ते आठवणार नाही. तेव्हा ते वाक्य विचारून घेण्याची वेळ आजची आहे.

लिहिणाऱ्याचा हात थरथरत असेल तर त्यांनी सांगावे आणि नातवंडांनी लिहावे. जमल्यास शेवटी सही मात्र त्यांनाच करू द्यावी, कितीही वाकडी आली तरी. पेन्सिल वापरावी, शाई पसरते आणि फिकी पडते, शिसाची रेघ टिकते.

आरंभ लहान असावा. एक दोनशेपानी वही, रद्दीचा गठ्ठा, एक पाटा आणि आठवड्याला एक पान. या हिशेबाने वर्षाला बावन्न पाने होतात आणि बावन्न वाक्ये. या आठवड्याचे पान दारातल्या निंबाचे असू द्या. तो बहुतेक प्रत्येक दारात आहे, आणि त्याच्याविषयी सांगण्यासारखे काही नाही असा एकही ज्येष्ठ माणूस या गावात भेटणार नाही.